मुले दोनच, तरी लोकसंख्या वाढते कशी?

भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर दोन राज्यांचे आकडे मांडले आणि राज्यांची नावे कागदाने झाकून ठेवली. 'अ' राज्यात वर्षाला दर हजार लोकांमागे ७ मृत्यू होतात, 'ब' राज्यात ५.४. लोकांचे आरोग्य कोणत्या राज्यात चांगले असेल? बहुतेकांनी 'ब' साठी हात वर केले. एकदोघांनी तर 'ब' म्हणजे केरळच असणार, असेही सांगून टाकले. मग आम्ही कागद काढला. 'अ' होते केरळ आणि 'ब' होते बिहार. आकडे नमुना नोंदणी पद्धतीतले, २०२० सालचे होते.

शिबिरात चुळबूळ सुरू झाली. त्याच वर्षी केरळात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणारी बालके ६ होती, बिहारमध्ये २७. केरळातले सरासरी आयुर्मान ७५ वर्षांच्या घरात, तर बिहारचे ७० च्या आसपास. मग मृत्युदर केरळचा जास्त कसा? "छपाईची चूक असेल," एक बाई म्हणाल्या. आकडा बरोबर होता. त्यावरून आपण काढलेला अर्थ तेवढा चुकत होता.

तो का चुकला हे समजले की लोकसंख्येच्या धड्यातल्या बऱ्याच संकल्पनांची गाठ सुटते. शिवाय विद्यार्थी हमखास विचारतात त्या एका प्रश्नाचे उत्तरही मिळते. हल्ली घरोघरी एक किंवा दोनच मुले दिसतात, तर मग देशाची लोकसंख्या अजून वाढते कशी? वाढवतो तरी कोण? या 'कोण'पाशी वर्गातली चर्चा घसरते. कोणी खेड्यातल्यांकडे बोट दाखवतो, कोणी गरिबांकडे, कोणी एखाद्या समाजाकडे. ज्याला चार भावंडे आहेत असा विद्यार्थी त्या वेळी खाली मान घालून बसलेला असतो. म्हणून बोट दाखवण्याआधी हिशेब नीट करू या.

ढोबळ दर म्हणजे काय?

दर हजार लोकसंख्येमागे वर्षात किती मृत्यू झाले, या आकड्याला ढोबळ मृत्युदर म्हणतात. 'ढोबळ' हा शब्द आपण घाईत गाळतो, पण खरी गोम त्यातच आहे. हजार लोक कोणत्या वयाचे आहेत, हे हा दर विचारतच नाही.

दोन काल्पनिक गावे घेऊ. प्रत्येकाची वस्ती दहा हजार. पोरवाडीत साठीच्या आतले ९,५०० आणि साठीच्या पुढचे ५०० लोक आहेत. थोरवाडीत साठीच्या आतले ८,००० आणि पुढचे २,०००. पोरवाडीत साठीच्या आतल्यांमध्ये वर्षाला हजारी २ मृत्यू होतात आणि साठीच्या पुढच्यांमध्ये हजारी ५०. थोरवाडीत दवाखाना चांगला, पाणी स्वच्छ, म्हणून तेथे हेच दर हजारी १ आणि ४० आहेत. म्हणजे तरुण असो वा वृद्ध, थोरवाडीत जगण्याची शाश्वती जास्त आहे.

आता बेरीज करू. पोरवाडीत १९ अधिक २५, एकूण ४४ मृत्यू. थोरवाडीत ८ अधिक ८०, एकूण ८८ मृत्यू. पोरवाडीचा ढोबळ मृत्युदर ४.४ आणि थोरवाडीचा ८.८, म्हणजे बरोबर दुप्पट! दोन्ही वयोगटांत मृत्यूचे प्रमाण कमी असूनही थोरवाडीचा एकूण दर जास्त आला, कारण तेथे वृद्ध अधिक आहेत.

केरळ आणि बिहारचे नेमके हेच आहे. सरकारी तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०२१ साली केरळात साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सुमारे १६.५ टक्के होते आणि बिहारमध्ये सुमारे ७.७ टक्के. जपानचे उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. जगातल्या सर्वांत दीर्घायुषी लोकांमध्ये जपान्यांची गणना होते. तरी तेथे २०२३ साली सुमारे १५.७६ लाख मृत्यू झाले आणि जन्म झाले ७.२७ लाख. ढोबळ मृत्युदर हजारी सुमारे १३, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त.

तेव्हा लोकसंख्येविषयीचा कोणताही आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा तो वयाचा.

वयाचा मनोरा

वयाची ही रचना एका दृष्टिक्षेपात दाखवणारी आकृती म्हणजे लोकसंख्येचा मनोरा. मधली उभी रेघ धरून डावीकडे पुरुष आणि उजवीकडे स्त्रिया दाखवतात. तळाला ० ते ४ वर्षे वयाची बालके, त्यावर ५ ते ९, असे पाच-पाच वर्षांचे थर चढत जातात. प्रत्येक थराची लांबी त्या वयाच्या लोकांच्या संख्येइतकी.

जिथे जन्म पुष्कळ आणि मृत्यूही पुष्कळ, तिथे मनोऱ्याचा पाया रुंद आणि माथा निमुळता असतो. १९५१ सालच्या भारताचा मनोरा असाच होता. जन्म कमी होऊ लागले की पाया आत जातो आणि मनोऱ्याचे पोट सुटते. आजचा भारत या अवस्थेत आहे. पुढे माथा जड होतो आणि मनोरा अधिकाधिक घागरीसारखा दिसू लागतो, जसा जपानचा.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. मनोरा हे त्या क्षणाचे चित्र असले तरी त्यात मागची पाऊणशे वर्षे दडलेली असतात. एखाद्या थराला खाच पडलेली दिसली तर तेवढी वर्षे मागे जाऊन पाहावे. तेथे युद्ध, दुष्काळ किंवा साथ सापडण्याचा संभव असतो. आणि मनोऱ्यात पुढची वर्षेही दडलेली असतात. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलीच पंधरा-वीस वर्षांनी आया होणार आहेत. त्या किती आहेत, हे आजच ठरून गेले आहे.

दोन नव्हे, २.१

आता जन्मांकडे वळू. ढोबळ जन्मदरालाही वयाचीच अडचण आहे. ज्या गावात तरुण जोडपी अधिक, तेथे जन्म अधिक होणारच. ही अडचण टाळण्यासाठी एकूण प्रजनन दर हे माप वापरतात. आज १५ ते ४९ या प्रत्येक वयाच्या स्त्रियांमध्ये मुले होण्याचे जे प्रमाण आहे, तेच एखाद्या स्त्रीच्या वाट्याला आयुष्यभर आले, तर तिला सरासरी किती मुले होतील, हे तो सांगतो. लोकांच्या वयाची रचना कशीही असली तरी हा दर तिच्यामुळे फुगत नाही की आक्रसत नाही.

नमुना नोंदणीनुसार १९७१ साली भारताचा एकूण प्रजनन दर ५.२ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तो २.० आढळला. महाराष्ट्राचा १.७, बिहारचा सुमारे ३ आणि सिक्कीमचा अवघा १.१. बिहारचा ३ हा आजचा आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्र स्वतः २.९ वर होता. म्हणजे बिहार आज ज्या वळणावर आहे तेथून आपण तीसेक वर्षांपूर्वी गेलो आहोत. वाट तीच आहे.

लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या जेवढ्यास तेवढी राहायची, तर दर स्त्रीमागे मुले किती हवीत? आई-वडील दोघे, म्हणून मुले दोन, असे वाटते. पण पुढच्या पिढीची संख्या आयांवरून ठरते. प्रत्येक आईच्या जागी एक भावी आई यायला हवी. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे १०० मुली मिळण्यासाठी २०५ जन्म लागतात. त्यातल्या समजा ९७ मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगल्या, तर २०५ भागिले ९७, उत्तर सुमारे २.१. या आकड्याला प्रतिस्थापन पातळी म्हणतात. जिथे मुली जास्त दगावतात किंवा जन्मूच दिल्या जात नाहीत, तिथे हा आकडा २.१ च्याही वर जातो.

या हिशेबात एक कटू गोष्ट लपलेली आहे. १०५ मुलग्यांमागे १०० मुली, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली, हा निसर्गाचा हिशेब झाला. महाराष्ट्रात ० ते ६ वर्षे वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८१० च्याही खाली उतरला होता. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला होता. म्हणजे घसरण झाली ती कायदा असताना. कुटुंब लहान झाले म्हणजे समाज पुढे गेला, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. कुटुंब कोणाला वगळून लहान झाले, हेही पाहावे लागते.

७०० वस्तीचे गाव १२०० कसे होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देशाचा एकूण प्रजनन दर २.१ च्या खाली आला, तरी लोकसंख्या वाढते कशी?

एक सोपे गाव कल्पू. तेथे प्रत्येक जण पंचाहत्तर वर्षे जगतो, त्याआधी कोणी मरत नाही. पिढी पंचवीस वर्षांची धरू. गावात आज ५० ते ७५ वयाचे १०० लोक आहेत. त्यांच्या ५० जोडप्यांना प्रत्येकी चार मुले झाली, म्हणून २५ ते ५० वयाचे २०० लोक आहेत. त्यांच्या १०० जोडप्यांनाही प्रत्येकी चार मुले झाली, म्हणून पंचविशीच्या आतले ४०० आहेत. एकूण वस्ती ७००.

आजपासून गावाने ठरवले की यापुढे प्रत्येक जोडप्याला दोनच मुले. सर्वांनी ते तंतोतंत पाळले. पंचवीस वर्षांनी काय होईल? आजचे १०० वृद्ध गेलेले असतील. आजचे २०० प्रौढ वृद्ध झाले, आजचे ४०० तरुण प्रौढ झाले आणि त्यांच्या २०० जोडप्यांना दोन-दोन, म्हणजे ४०० मुले झाली. एकूण १,०००. आणखी पंचवीस वर्षांनी ४०० वृद्ध, ४०० प्रौढ, ४०० लहान, एकूण १,२००. त्यानंतर संख्या तेवढीच राहते.

दोन मुलांचा नियम शंभर टक्के पाळूनही ७०० चे १,२०० झाले! ही ५०० माणसे कोणी 'वाढवली'? नव्या जोडप्यांनी नाही. त्यांनी तर आपल्या दोघांच्या जागी दोघेच आणले. पूर्वी रुंद झालेला मनोऱ्याचा पाया वर सरकत गेला, एवढेच घडले. घाट उतरणाऱ्या भरल्या एसटीला ब्रेक लावला तरी ती काही अंतर पुढे जातेच, तसेच हे आहे. लोकसंख्याशास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. नेथन कीफिट्झ या अभ्यासकाने १९७१ साली त्याचे गणित नीट मांडून दाखवले.

याच गावात आपले केरळ-बिहारचे कोडेही पुन्हा भेटते. पहिल्या पंचवीस वर्षांत गावात १०० मृत्यू झाले. वस्ती सरासरी साडेआठशे धरली तर ढोबळ मृत्युदर हजारी ४ ते ५ पडतो. पुढे संख्या स्थिर झाल्यावर दर पंचवीस वर्षांत ४०० मृत्यू होतात आणि दर हजारी १३ च्या पुढे जातो. या सगळ्या काळात प्रत्येक माणूस पंचाहत्तर वर्षेच जगला! आयुष्य कोणाचेही एका दिवसाने कमी झाले नाही.

आता खऱ्या देशाचे आकडे पाहू. १९७१ साली भारताची लोकसंख्या सुमारे ५४.८ कोटी आणि जन्मदर हजारी ३६.९ होता. म्हणजे वर्षाला सुमारे दोन कोटी जन्म. २०२० साली जन्मदर १९.५ वर उतरला होता, पण लोकसंख्या १३७ कोटींच्या पुढे गेली होती. त्याच पद्धतीने हिशेब केला तर जन्म अडीच कोटींच्या वर जातात. प्रत्येक आईमागे मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली, तरी आयांची संख्याच इतकी वाढली की एकूण पाळणे कमी झाले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० नंतर लवकरच सुमारे १७० कोटींवर पोचून मग उतरू लागेल.

वाढ कशामुळे झाली?

मग मुळात मनोऱ्याचा पाया रुंद झाला कसा? 'लोकांना फार मुले होऊ लागली' हे त्याचे प्रचलित उत्तर, आणि ते चुकीचे आहे.

जनगणनेचे आकडे पाहा. १९११ साली आजचा भारत २५.२ कोटींचा होता, १९२१ साली २५.१ कोटींचा. दहा वर्षांत लोकसंख्या किंचित घटलीच. मुले तेव्हाही भरपूर होत होती, पण जगत नव्हती. १८९६ पासून प्लेग ठाण मांडून बसला होता. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला आणि या साथीने देशात किमान सव्वा कोटी माणसे नेली, असे मानले जाते. १९२१ नंतर मात्र लोकसंख्या एकाही दशकात घटलेली नाही. म्हणून या वर्षाला महाविभाजक वर्ष म्हणतात.

पुढच्या काळात दुष्काळात धान्य पोचू लागले. मलेरिया, पटकी यांना आळा बसला. लसीकरण खेडोपाडी गेले आणि १९७५ नंतर देवीचा रोगी देशात आढळला नाही. १९५१ च्या सुमारास हजारी पंचवीसच्या आसपास असलेला मृत्युदर झपाट्याने खाली आला. जन्मदर मात्र चाळिशीच्या घरातून हळूहळू उतरला. मृत्युदर आधी घटतो आणि जन्मदर मागाहून, आणि या दोहोंतल्या अंतरात लोकसंख्या वाढते. या सगळ्या प्रवासाला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. युरोपातले देश या वाटेने आपल्याआधी गेले.

जन्मदर मागाहून का उतरतो, हेही समजण्यासारखे आहे. पाचातली दोन मुले हाताशी लागतील की नाही याची खात्री नसलेल्या आईने सहावे होऊ दिले, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. मुले जगतात असा भरवसा बसला, मुली शाळेत टिकल्या, साधने हाताशी आली, की कुटुंबे आपोआप लहान होतात. १९२१ साली, लोकसंख्या घटल्याची नोंद झाली त्याच वर्षी, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्यासमोर देशाची डोकी मोजण्यापेक्षा बायांच्या आरोग्याचा आणि निवडीचा प्रश्न होता. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आला तो १९५२ साली.

तेव्हा वर्गात 'लोकसंख्येचा स्फोट' हा शब्द वापरताना एवढे जरूर सांगावे की तो स्फोट मुले जगू लागल्याचा होता.

रत्नागिरीची माणसे कुठे गेली?

देशाचा हिशेब जन्म आणि मृत्यू यांवर बऱ्याच अंशी भागतो. जिल्ह्याचा भागत नाही. तेथे स्थलांतर धरावेच लागते. सूत्र सोपे आहे: नवी लोकसंख्या म्हणजे जुनी लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक येणारे, वजा जाणारे.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. पण त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर उतरली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर चढली. कोकणातला चाकरमानी पूर्वी गिरणगावात खोली घेऊन राही, आता तो डोंबिवली, विरारकडे कुटुंबासह राहतो.

२०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. यावरून तेथे मुलींचे स्वागत जास्त होते असा निष्कर्ष काढू नये. त्याच जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ९५० पेक्षा कमी होत्या. फरक पडतो तो पुढच्या वयात, पुरुष मुंबईला गेल्यामुळे. रत्नागिरीचा मनोरा काढला तर ऐन कमावत्या वयात डावी बाजू खाल्लेली दिसते आणि वर आजी-आजोबांचे थर रुंद दिसतात. गौरी-गणपतीला आठ दिवस तो मनोरा भरून निघतो, एवढेच.

मनोरा उलटा होतो तेव्हा

आपल्या ७०० च्या गावाने दोनऐवजी एकच मूल असा नियम केला असता तर? पंचवीस वर्षांनी २०० वृद्ध, ४०० प्रौढ, २०० लहान, एकूण ८००. म्हणजे एवढा कडक नियम करूनही संख्या आधी वाढतेच. पन्नास वर्षांनी ४०० वृद्ध, २०० प्रौढ, १०० लहान, एकूण पुन्हा ७००. वस्ती सुरुवातीइतकीच, पण तेव्हा २०० कमावत्या माणसांमागे १०० वृद्ध होते, आता ४०० आहेत.

चीनने १९८० च्या सुमारास एकच मूल हे धोरण सक्तीने आणले आणि २०१५ अखेर ते सोडले. त्याआधीच, १९७० च्या दशकात, तेथला प्रजनन दर सहाच्या जवळून तीनच्या खाली आलेला होता. तरीही चीनची लोकसंख्या २०२१ पर्यंत वाढत राहिली आणि २०२२ पासून घटू लागली. आता तेथे काळजी आहे ती म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार याची.

कमावत्या वयाच्या शंभर जणांमागे लहान आणि वृद्ध मिळून किती, या आकड्याला अवलंबित्वाचे प्रमाण म्हणतात. भारतात सध्या कमावत्या वयाचे लोक जास्त असल्याने हे प्रमाण कमी आहे. यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. पण हा लाभांश बँकेतल्या व्याजासारखा आपोआप जमा होत नाही. त्या तरुणांना शिक्षण आणि काम मिळाले, तरच तो पदरात पडतो. आणि ही संधी काही दशकांचीच असते. केरळचे मनोरे आजच माथ्याकडे जड होऊ लागले आहेत, महाराष्ट्राचा क्रम त्यामागोमाग आहे.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना आपल्या वाडीतील किंवा आळीतील पन्नास घरांतल्या माणसांची वये आणि स्त्री-पुरुष नोंद गोळा करायला सांगावी. नावे लिहू नयेत. सर्वांची नोंद एकत्र करून आलेखाच्या कागदावर मनोरा काढावा. खाच दिसली तर कारण शोधावे. कामाला बाहेरगावी गेलेल्यांचा वेगळ्या रंगाने थर द्यावा.

एक सापळा मात्र टाळावा. 'तुम्ही भावंडे किती?' असे वर्गाला विचारून गावातली सरासरी काढली, तर ती नेहमी फुगून येते. समजा गावात चार आया आहेत. दोघींना एकेक मूल आणि दोघींना पाच-पाच. सरासरी तीन. पण बाराही मुलांना विचारले, तर दोन जण 'एक' सांगतील आणि दहा जण 'पाच' सांगतील. सरासरी येईल ४.३. मोठ्या घरातली मुले वर्गात जास्त असणारच, आणि ज्यांना मूल नाही अशा घराचे तर कोणीच नसणार. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. पाहणीत प्रश्न कोणाला विचारला यावर उत्तर कसे अवलंबून असते, हे त्यांना कायमचे कळेल. आणि चार भावंडांच्या मुलाला उभे राहून आकडा सांगावा लागणार नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांसाठी. कोविडमुळे २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि सरकारने २०२५ साली अधिसूचना काढून पुढच्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवला. आपल्याकडे गणकाचे काम बहुधा शिक्षकांच्याच वाट्याला येते. ते कंटाळवाणे असते आणि उन्हातान्हात घडते, याची आम्हाला कल्पना आहे. पण वर केलेला सारा हिशेब एका रकान्यावर उभा आहे, तो म्हणजे वयाचा. मागच्या जनगणनांचे आकडे पाहिले तर ४०, ४५, ५०, ६० या वयांपाशी माणसांची गर्दी दिसते, आणि ४१ किंवा ४९ वर्षांची माणसे जवळपास गायब असतात. आजीला वय ठाऊक नसते, सून अंदाजाने 'लिहा साठ' म्हणते आणि आपणही लिहून मोकळे होतो.

अशा वेळी दोन मिनिटे थांबून विचारावे. कोयनेचा भूकंप झाला, १९६७ साली, तेव्हा तुम्ही केवढ्या होता? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का? तेव्हा कडेवर कोण होते? आजी आठवून सांगते, आणि साठ लिहिले गेले असते तेथे चौसष्ट लिहिले जाते. त्या गावात वृद्धांसाठी किती दवाखाने आणि बालवाडीसाठी किती खोल्या लागतील, हे पुढे त्यावरूनच ठरायचे असते.